शिंपीकाकांच्या पोटातली नळी

मित्रांनो, मला जुने होण्याची फार हौस होती, पण माझे सारे आयुष्य नऊ दिवसांत आटोपले. ज्यांना घास गिळता येत नाही, त्यांच्या पोटात अन्न सोडणारी मी एक नळी.

एका शिंपीकाकांना पक्षाघाताचा जबर झटका आला. सर्जन म्हणाले, "काकू, ते फार खंगलेत. ऑपरेशन लहान असलं तरी धोका मोठा आहे."

"अहो, पण माझ्या डोळ्यांदेखत उपाशी कसं ठेवू?" काकूंनी सही केली.

पोटाला छेद देऊन मला जठरात बसवले. निसटू नये म्हणून आतल्या टोकाला इवलासा फुगा, बाहेर अंगावर आकडे. 'चार' कातडीशी दिसला पाहिजे, असे ठरले. घरी सोडताना नर्सबाईंनी दम भरला, "नळी निघाली तर जबाबदारी तुमची!" निघाली तर करायचे काय, हे मात्र कुणीच सांगितले नाही.

काकू मला जिवापाड जपत. लेक म्हणे, "आई, तू तर डॉक्टरीणबाई झालीस!" ते ऐकून माझ्याच अंगावर मूठभर मांस चढे.

पण काकांची बोटे शिंप्याची. सुटा धागा हाताला लागला की ओढून टाकायचा, ही चाळीस वर्षांची सवय. सातव्या दिवशी त्यांचा धड हात पोटावर फिरला, मी सापडले आणि त्यांनी मला ओढले. फुगा फुटला, मी बाहेर आले.

काकूंच्या तोंडचे पाणी पळाले. "अगं बाई, आता मला बोलतील!" काजे-बटणे करून सरावलेल्या हाताने त्यांनी मला पुसले, बरोब्बर 'चार'पर्यंत आत सरकवले आणि पट्टी चिकटवली. पण सात दिवसांत जखमेतली वाट पक्की होत नाही. मी जठराबाहेरच, पोटाच्या पोकळीत अडकले. काकूंनी दुपारचा आहार सोडला. मला तोंडे दोन, वाचा मात्र नाही.

संध्याकाळी ताप चढला, पोट दगड झाले. लेकीने आकडा पाहिला. "नळी तर जागेवर आहे."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "नळी मध्ये निघाली होती का?"

काकूंनी लेकीकडे पाहिले. "नाही."

मग छातीचा संसर्ग शोधण्यात दोन दिवस गेले. खरे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. काका गेले.

मित्रांनो, मी निघाले तर मला परत ढकलू नका, माझ्यातून थेंबही सोडू नका, तडक दवाखाना गाठा. आणि दवाखान्यातल्यांनो, 'नळी निघाली' असे सांगायला कुणी धावत आले, तर त्याच्यावर खेकसू नका. काकू धावणारच होत्या. त्यांना फक्त बोलणी खायची भीती वाटली.