प्लास्टिकचा घड

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात गुरुदासचं पूजासामानाचं दुकान आहे. दसरा झाल्यावर तो बायकोला, विनोदिनीला घेऊन नाशिकला निघाला, तो सगळ्या गिऱ्हाइकांना सांगूनच. तिकडे धरणाच्या काठाला वाइनचे मळे आहेत, लेकाने तिथेच खोली घेऊन दिली आहे, वेलावरची द्राक्षं हाताने तोडून खाणार. विनोदिनीने तर द्राक्षं आणायला एक रिकामी बॅगही बरोबर घेतली.

पोचून बघतात तर पाण्यापर्यंत नुसत्या तारा आणि त्यांना बांधलेल्या उघड्या काटक्या. माळी म्हणाला, आताच छाटणी झाली, द्राक्षं फेब्रुवारीत या बघायला.

"ह्यो काटक्यो बघूक इतक्या लांब इलंव आपण?" विनोदिनीने विचारलं.

गुरुदासने फोन बघितला. तिकडे बाजारकरांच्या ग्रुपवर फोटोची मागणी सुरू झाली होती. शेवटी जेवणघरात एका टेबलावर शोभेला ठेवलेला प्लास्टिकचा घड त्याला दिसला. वेटरशी गोड बोलून त्याने तो घटकाभर मागून घेतला, खिशातल्या लाल नाड्याने वेलाला बांधला आणि पाणी मागे येईल असा उभा राहून फोटो काढवला.

तेवढ्यात मागून कोणीतरी थबकलं. ते संगमनेरचे गोपाळराव, बँकेतून निवृत्त झालेले. बंगल्यामागे त्यांनी चार वेल लावले होते आणि एकालाही कधी फळ धरलं नव्हतं. या दिवसांत घड कसा आला, असं त्यांनी इतक्या आदराने विचारलं की गुरुदासला खरं सांगवेना. तो म्हणाला, ही आमच्या गोव्याकडची जात. मुळाशी मासे धुतलेलं पाणी घालायचं, बाकी काही नाही.

गोपाळराव बाजूला जाऊन फोनवर बोलून आले. मग त्यांनी हळूच एक द्राक्ष तोडलं आणि तोंडात टाकलं. ते बराच वेळ चावत राहिले. विनोदिनी पदर तोंडात कोंबून धरणाच्या पाण्याकडे बघत बसली.

"साल जाड आहे," गोपाळराव म्हणाले.

संध्याकाळी गच्चीवर वाइन चाखायला तिघं एकाच टेबलाशी बसली, घड गुरुदासच्या पुढ्यात. गुरुदासला ती साखर विसरलेल्या कोकम सरबतासारखी लागली. विनोदिनीला आवडली. गोपाळराव आपल्या वेलांविषयी बोलत असताना वेटर आला आणि म्हणाला, साहेब, टेबल मांडायचंय, तेवढी प्लास्टिकची द्राक्षं परत करता?

गुरुदासने मान खाली घातली. गोपाळरावांनी वेटरकडे पाहिलं, घडाकडे पाहिलं, आणि गालात ठेवलेलं काहीतरी रुमालात काढलं. रागवायचं सोडून त्यांनी घाईघाईने घरी फोन लावला. घरच्या माळ्याला त्यांनी दुपारीच बाजारात पिटाळलं होतं. पलीकडून माळी काय सांगत होता ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"घातलं की साहेब, पाच किलो बांगड्यांचं पाणी. वेलांचं माहीत नाही, पण गल्लीतली सगळी मांजरं मांडवाखाली बसलीत. हलत नाहीत."

आधी विनोदिनी हसली, मग गोपाळराव. गुरुदास सगळ्यात शेवटी हसला. मग त्याने तिघांसाठी आणखी एकेक ग्लास मागवला आणि उरलेल्या बांगड्यांचं तिखलं कसं करायचं ते विनोदिनीने फोनवरच माळ्याला समजावून सांगितलं.