रेषेपर्यंत भरलेली नळी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी कोणी खोकतही नव्हतं. टेबलावर काचेच्या दोन नळ्या. दोन्हींत शिंपीणकाकूंचं, सगळ्यांदेखत काढलेलं रक्त. दहा मिनिटांनी ओघबाबानं पहिली नळी आडवी केली. रक्त गोठून घट्ट बसलं होतं. दुसरीत त्यानं मंतरलेल्या पाण्याचे दोन थेंब टाकले होते. ती आडवी होताच रक्त सरसर ओघळलं.

"पाहिलंत? माझं पाणी असताना गोळ्या कशाला? डॉक्टर म्हणजे दुकानदार, आणि गिऱ्हाईक बरं झालेलं दुकानदाराला परवडतं होय?"

लोक हसले. मला हसू आलं नाही, मुलांनो. काकूंच्या हृदयात धातूची झडप बसवलेली. तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रोज एक गोळी, आणि रक्त किती वेळात गोठतं याची दर महिन्याला तपासणी. बाबाच्या शब्दावर ती गोळी नऊ दिवस बंद होती. शेजारी बसलं की त्यांच्या छातीतली टिकटिक ऐकू यायची. आज ती दबकी होती, उशीखाली घड्याळ ठेवावं तशी.

"काकू, दवाखान्यात चला."

"अहो मास्तर, जिना चढून दम लागलाय. तुमचं आपलं काहीतरीच!"

तपासणी प्रयोगशाळेतल्या ताईंना मी मुद्दाम आणलं होतं. त्या बाबाकडे बघत नव्हत्या, नळीकडे बघत होत्या.

"बाबा, दुसरी नळी भरताना तुम्ही चेल्याला दटावलंत, बरोब्बर रेषेपर्यंत भर म्हणून. चमत्काराला रेष कशाला लागते?"

"ती मर्यादा आहे. शास्त्रात सांगितलेली."

"आमच्याही शास्त्रात सांगितलीय! आता असं करू. तुमचं पाणी साध्या नळीत टाका. तुमच्या खास नळीत काहीच टाकू नका."

"श्रद्धा नसेल तिथं पाणी चालत नाही."

शिंपीकाका बाही सरसावत उठले. "माझी आहे ना श्रद्धा, माझं रक्त घ्या. आणि बाबा, एका नळीत तर पाणीच नाही. तिथं श्रद्धेला काय काम?"

ताईंनी रक्त काढलं. थांबावं लागलं. काकूंचे ओठ काळसर दिसू लागले होते, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या हलेनात.

मंतरलेल्या पाण्यातलं रक्त गोठलं. पाण्याविना खास नळीतलं वाहत राहिलं.

"ही आमच्याच तपासणीची नळी," ताई म्हणाल्या. "निळं झाकण काढून पितळी टोपण लावलंय. तळाशी सायट्रेट नावाचं औषध आधीच असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, आणि सायट्रेट त्यालाच बांधून ठेवतं. एक भाग औषध, नऊ भाग रक्त. प्रमाण चुकू नये म्हणून ती रेष."

"पाण्याला नजर लागली!" बाबा ओरडला. या वेळी कोणी मान डोलावली नाही.

काकू उठल्या, दारापर्यंत चालल्या आणि तिथंच कोसळल्या. झडपेवर गाठ धरली होती. तिचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला होता. डॉक्टरांनी जीव वाचवला. उजव्या हातात मात्र कात्री पुन्हा धरता आली नाही.

म्हणून सांगतो, मुलांनो. कोणी म्हणालं, "हे टाकलं म्हणून असं झालं," तर तिथल्या तिथं विचारा, "न टाकता काय होतं, ते दाखवा." हा प्रश्न मलाही येत होता. मोठ्या माणसांसमोर बरं दिसणार नाही म्हणून मी तो स्वतः विचारला नाही, आणि ताईंना आणायलाही उशीर केला. तुम्ही करू नका.