शिडाला काज

सुतळीला ते नाव तिच्या अंगकाठीमुळे पडलं होतं. वय वर्षं तेरा. आई शिंपीण. शिलाईयंत्र चालवायचा मान आईचा, काजं मात्र सुतळीच्या वाट्याला. शाळेच्या गणवेशांना तिनं इतकी काजं केली होती, की काज म्हटलं तरी तिच्या कपाळाला आठ्या पडत.

त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून आत्याचा डबा पोचवायचं काम तिच्या गळ्यात पडलं. आत्या अवकाश-दुरुस्ती केंद्रात होती. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून, तारा जोडलेले हातमोजे चढवून ती पार आभाळातले यंत्राचे हात चालवायची. इथं बोट हलवलं की तिथलं बोट हलायचं, पण जरा उशिरानं.

सुतळी दार ढकलून आत गेली, तर तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. पडद्यावर एका मालवाहू यानाचं रुपेरी शीड दिसत होतं. उन्हाच्या रेट्यानं यान पुढे नेणारं ते कापड कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि कुठलासा खडा लागून ते हातभर फाटलं होतं. यानात सहा माणसं होती. चिकटपट्टी थंडीनं सुटून आली, म्हणून आत्या धाग्यानं शिवत होती. पण ती दोन टाके घाली तोवर फाट चार बोटं पुढे जाई. तिच्या अगदी नाकी नऊ आले होते. मागे मोठे इंजिनीअर येरझाऱ्या घालत होते.

सुतळीला राहवेना. "आत्या, अगं ओढू नकोस ना! कापड गोळा होतंय."

"डबा ठेव आणि पळ बघू."

"अशी नाही थांबणार ती. आधी फाटीच्या टोकाला गोल भोक पाड आणि त्याला काज कर. मग पुढे सरकायची नाही."

मोठे इंजिनीअर जागीच थबकले. "शीड फाटतंय आणि ही पोरगी म्हणते, आणखी एक भोक पाडा!"

"पोरगी बरोबर बोलतेय, साहेब," पडद्याच्या कोपऱ्यातून यानाची कप्तान म्हणाली. "पत्र्याला चीर गेली की आम्हीसुद्धा टोकाला भोकच पाडतो. कोण आहे ती?"

"माझी भाची," आत्या म्हणाली. "पण काज मला कुठलं यायला? माझं तुटलेलं बटणसुद्धा वहिनी लावून देते."

"मग भाचीला बसव," कप्तान म्हणाली.

हातमोजे सुतळीला ढगळ झाले. आत्यानं ते मनगटाशी रुमालानं आवळून बांधले. सुतळीनं सुई टोचली. वर काहीच हललं नाही. घाबरून तिनं पुन्हा टोचली, आणि वरच्या सुईनं लागोपाठ दोनदा टोचलं. फाट चर्रकन पुढे गेली.

"घाई नको, बाळा," कप्तान म्हणाली. "आम्ही कुठं पळून जातोय?"

सगळे हसले, सुतळीलाही हसू आलं. मग तिनं युक्ती काढली. टाका घालायचा, तोंडानं "आला का?" म्हणायचं, वर आलेला दिसला की पुढचा. भोक पडलं. त्याच्या कडेनं एकाला एक लागून टाके बसत गेले. "आला का? आला. आला का? आला." बावीस टाक्यांत काज पुरं झालं. मग उरलेली फाट तिनं सैल टाक्यांनी मिटवली.

कप्ताननं शीड हळूहळू उन्हाकडे वळवलं. कापड ताठ झालं. सैल टाक्यांमधून फाट जराशी उघडली, काजापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"चाललो बरं का आम्ही!" कप्तान ओरडली. खोलीत एकच गलका झाला. आत्यानं सुतळीला उचलून गरागरा फिरवलं.

दुपारी मोठ्या इंजिनीअरांनी सुई-दोरा मागवला. सगळे जण आपापला रुमाल घेऊन ओळीनं बसले. कुणाचं बोट टोचलं, कुणाचा रुमाल बाहीलाच शिवला गेला. सुतळी हात मागे बांधून त्यांच्यामधून फिरत होती.

"साहेब, टाका फार लांब झाला," ती म्हणाली. "उसवा."

साहेबांनी निमूटपणे उसवला.