निळ्या चमकीच्या लेंड्या

डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मोजणीच्या यंत्राची कळ टिकटिकायला लागली, ती थांबायचं नावच घेईना. दाराशी उभे असलेले काका एकेक टिकटिक मोजत होते.

"जंतांची अंडी चारशेच्या वर गेली, काका," बाई म्हणाल्या. "दोनदा औषध होऊनसुद्धा. आता वरचे साहेब ऐकायचे नाहीत. म्हातारीला सुई देऊन कायमचं झोपवा म्हणतील."

काका प्राणिसंग्रहालयातली हरणं सांभाळत. म्हातारी हरणी त्यांच्याच हातच्या बाटलीवर वाढलेली. कुठली लेंडी कुणाची हे कळावं म्हणून प्रत्येकाच्या चाऱ्यात वेगळ्या रंगाची चमकी घालत, म्हातारीची निळी. परवा काकांनी ती निळी चमकी गुपचूप दांडग्याला चारली. दांडगा म्हणजे कळपातला सगळ्यात धट्टाकट्टा नर, त्याला कसले आलेत जंत? त्याचा नमुना म्हातारीच्या नावावर सहज खपला असता. झालं भलतंच.

"बाई, ते तिचं नाही."

"निळी चमकी दिसतेय की."

"मी दांडग्याला घातली होती."

"तिला वाचवायला तुम्ही आता काहीही सांगाल." आवाजात राग नव्हता, म्हणून काकांना ते जास्तच लागलं.

"तिच्या दाढा झिजल्यात, बाई. तिच्या लेंडीत अख्ख्या काड्या निघतात. फोडून बघा ना."

बाईंनी चिमट्याने लेंडी फोडली. आत सगळा बारीक भुसा होता. "मग तिची कुठे आहे?" म्हणत त्यांनी हात पुढे केला. काकांनी खिशातून म्हातारीच्या लेंड्यांची कागदी पुडी काढली. सकाळपासून ती टाकून द्यायला त्यांचा हात धजला नव्हता.

या वेळी कळ दोनदाच वाजली.

"म्हातारी बरी आहे," बाई म्हणाल्या, आणि काकांनी भिंतीला पाठ टेकून डोळे पुसले.

"पण मग दांडग्याला एवढे जंत कसे? त्यालाही दोनदा औषध दिलं होतं ना?" बाईंनी विचारलं.

काकांचा हात डोळ्यांवरच राहिला. दोन्ही वेळा त्यांनी दांडग्याच्या वाटणीचं औषध म्हातारीच्या चाऱ्यात कालवलं होतं. एवढा दणकट गडी, त्याला काय होतंय, असं म्हणून.

बाईंनी कपाटातून औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. काकांनी ती उचलली नाही.

"तुम्ही बरोबर चला, बाई," ते म्हणाले. "मी कालवताना तिथे उभ्या राहा."