चार मिनिटांचा आवाज

गल्लीत सगळे त्याला रेडिओ म्हणत. सलूनच्या पाटीवर दुसरंच नाव होतं, पण ते वाचायची गरज कुणाला पडली नव्हती. रेडिओकडे जाऊन येतो म्हटलं की घरच्यांना कळायचं, दाढीला पाच मिनिटं आणि गप्पांना पाऊण तास.

त्याची बायको शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. बावीस वर्षं कॉलरच. दिवसभर साठ मशिनांच्या खडखडाटात बसून संध्याकाळी ती घरी आली की तिला फक्त शांतता हवी असे. आणि नेमका त्याच वेळी तो दुकान बंद करून यायचा, चपला काढता काढताच सुरू व्हायचा. कुणाचा जावई रुसला, कुणाच्या कुत्र्याने पोस्टमनची पिशवी पळवली, मास्तरांनी केस काळे करून घेतले आणि घरी बायकोने दारच उघडलं नाही. ती भाजी चिरता चिरता हं हं करायची. मग म्हणायची, "अहो, पुरे आता. कान किटले माझे."

"बरं, उरलेलं उद्या," तो म्हणायचा आणि दोन मिनिटांत उरलेलंही सांगून टाकायचा.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी तो पोस्टमनची दाढी करत होता. पोस्टमनने नंतर तिला सगळं सांगितलं. रेडिओ नेहमीसारखा बोलत होता. "आणि मग तो म्हातारा काय म्हणाला, माहितीये," असं म्हणून तो थांबला. पोस्टमनला वाटलं, मुद्दाम थांबलाय. गंमत रंगवायची असली की रेडिओ असाच थांबायचा. तो डोळे मिटून वाट बघत राहिला. मग वस्तरा बेसिनमध्ये पडल्याचा आवाज आला.

मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीने उजवा हात लुळा झाला, पाय ओढला जाऊ लागला, आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं की ऐकलेलं त्यांना कळतंय, जे म्हणायचं तेही मनात तयार आहे, पण शब्द सापडत नाहीत. एकच शब्द तेवढा शिल्लक होता. 'उद्या'. हाच का, ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

"पाणी हवंय का?"

"उद्या."

"हात दुखतोय का?"

"उद्या."

पहिल्यांदा तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून नंतर रडूही आलं. तो शब्द चुकीचा आहे हे त्याला कळायचं. तो मान हलवायचा, पुन्हा प्रयत्न करायचा, ओठ जुळवायचा, आणि पुन्हा तेच बाहेर पडायचं. मग तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

तिने कारखाना सोडला. बोलणं शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा यायची, चित्रं दाखवायची. कप. खुर्ची. मांजर. ज्याने आयुष्यभर खुर्चीत बसलेल्या माणसांना बोलून बोलून हैराण केलं, तो 'खुर्ची' म्हणताना घामाघूम व्हायचा. ती स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. हातातलं काम तसंच राहायचं.

घर आता शांत होतं. इतकी वर्षं तिला हवं होतं तेवढं शांत. नळाचा थेंब ऐकू यायचा. वरच्या मजल्यावरची बाई कपाट उघडते तेही ऐकू यायचं. संध्याकाळी भाजी चिरायला बसली की तिचे कान आपोआप दाराकडे लागायचे, आणि तो तर तिच्या समोरच बसलेला असायचा. समोर बसलेल्या माणसाची इतकी आठवण येऊ शकते, हे तिला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

एकदा तिने पोस्टमनला रस्त्यात थांबवलं. "त्या दिवशी कुठल्या म्हाताऱ्याची गोष्ट चालली होती?"

पोस्टमनने डोकं खाजवलं. "बसमध्ये कुणीतरी म्हातारा छत्री उघडून बसला होता म्हणे. आत, बसमध्येच. कंडक्टरने विचारलं, का हो बाबा. पुढचं राहिलं." तो जरा ओशाळला. "मोठंसं काही नव्हतं हो काकू. असंच आपलं."

असंच आपलं. ती पिशवी सावरत घरी आली. असलं 'असंच आपलं' तिने हजारदा अर्ध्यावर तोडलं होतं.

मुलगी दुसऱ्या शहरात राहायची. तिचा रोज फोन यायचा. "आई, दुकान विकून टाक आणि तुम्ही दोघं इकडे या. एकटीने किती ओढशील?" जावईही दोनदा बोलला, मनापासून बोलला. तिलाही पटत होतं. पण रोज सकाळी साडेआठला रेडिओ डाव्या हाताने कशीबशी चप्पल घालून दाराशी उभा राहायचा आणि खिळ्याला टांगलेल्या दुकानाच्या किल्ल्यांकडे बघायचा. ती म्हणायची, "आज नाही." तो म्हणायचा, "उद्या." त्या एका वेळेला तो शब्द बरोबर असायचा.

तीन महिन्यांनी ती एकटीच दुकान आवरायला गेली. शटर वर केलं तर आत साबणाचा आणि पावडरीचा वास तसाच. खुर्च्यांवर धूळ. आरशासमोर कंगवे, कात्र्या, ब्रश त्याने लावलेल्या क्रमाने. ती झाडू मारत असताना मास्तर आत आले. निवृत्त शिक्षक, दर गुरुवारी दाढीला येणारे. दाढी चांगली बोटभर वाढली होती. ते सरळ खुर्चीवर जाऊन बसले.

"मास्तर, दुकान बंद आहे."

"दिसतंय."

"मला यातलं काही येत नाही."

"शिका. मी थांबतो. सत्तरी उलटली माझी, मला कुठे कुणाला तोंड दाखवायचंय." मग आरशात बघत ते हळूच म्हणाले, "दुसऱ्या दुकानात गेलो होतो एकदा. पाच मिनिटांत दाढी झाली. इतकं वाईट वाटलं."

त्या दिवशी ती दुकान न आवरताच घरी आली. दुसऱ्या दिवशी तो दाराशी उभा राहिला तेव्हा तिने खिळ्यावरून किल्ल्या काढल्या. त्याने आधी किल्ल्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. दोन गल्ल्या पार करायला त्यांना अर्धा तास लागला.

दुकानात गेल्यावर त्याने डाव्या हाताने खालचा खण उघडला आणि एक फुगा काढून तिच्यापुढे धरला. लहान पोरांना गप्प बसवायला तो फुगे ठेवायचा. तिला काही कळेना. त्याने फुगवायची खूण केली. मग ब्रशने फुग्याला फेस लावून दाखवला आणि वस्तरा तिच्या हातात दिला. फुगा न फुटता फेस निघाला पाहिजे. त्याच्या उस्तादाने त्याला असंच शिकवलं असणार. तेही त्याने कधीतरी सांगितलं असेल आणि तिने हं हं केलं असेल.

पहिला फुगा फटकन फुटला आणि दोघांच्या तोंडावर फेस उडाला. तिच्या नाकाच्या शेंड्यावर भला मोठा गोळा बसला. तो हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला, तोंड एका बाजूला ओढलं जात होतं तरी खांदे हलेपर्यंत हसला. तीही खुर्चीच्या दांड्याला धरून हसत राहिली.

एकोणीस फुगे गेले. विसावा राहिला. बावीस वर्षं कॉलरची टोकं वळवणाऱ्या हाताला नाजूक काम नवं नव्हतं, धीर तेवढा हवा होता. मास्तरांची दाढी केली तेव्हा रेडिओ शेजारच्या स्टुलावर बसून खुर्चीच्या दांड्यावर बोट वाजवत होता. एकदा म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे थांब. कोन चुकला की स्वतः उठून तिचं मनगट फिरवायचा. दाढी पूर्ण व्हायला पाऊण तास लागला. हनुवटीखाली एक बारीक ओरखडा उठला, त्यावर तुरटी फिरवली.

मास्तर गालावर हात फिरवत म्हणाले, "वेळ मात्र पूर्वीइतकाच लागला."

हळूहळू गिऱ्हाइकं परत येऊ लागली. काही बाईच्या हातून दाढी नको म्हणून दारातूनच वळली. काही लाजत बसली आणि पुढच्या वेळी लाजायचं विसरली. पण दुकानात सगळ्यांना चुकल्यासारखं व्हायचं. कात्रीचा आवाज, पंख्याचा आवाज, बस्स. ती पहिल्यापासून अबोल, तिला काय बोलावं ते सुचायचं नाही. मग गिऱ्हाइकंच बोलू लागली. इतकी वर्षं ज्यांना मध्ये एक शब्द घालायची सोय नव्हती, ती माणसं रेडिओकडे तोंड करून आपापलं सांगू लागली. घरचं, कामावरचं, कुणाला न सांगितलेलंही. तो ऐकायचा. भुवया उंचावायचा, मांडीवर थाप मारायचा. कधीकधी त्याचे ओठ हलायचे. काहीतरी जबरदस्त उत्तर ओठांपर्यंत येऊन अडलंय हे तिला दिसायचं, आणि तिचा कात्रीचा हात थबकायचा.

मग मुलीचा एक निरोप आला. नातवाच्या वाढदिवसाला आजोबांनी फोनवर पाठवलेला आवाज तिला जुन्या फोनमध्ये सापडला होता. 'आई, पाठवू का? तुला त्रास होईल का?' असं तिने आधी विचारलं होतं. आईने लिहिलं, 'पाठव.' तो आला आणि चार दिवस तसाच राहिला. चार मिनिटं दहा सेकंद.

पाचव्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. रेडिओ दुकानामागच्या छोट्या खोलीत पलंगावर डोळा लागून पडला होता. तिने मधलं दार लोटलं, आरशासमोर बसली आणि बोट टेकवलं.

"अरे, मी आजोबा बोलतोय. वाढदिवस आहे ना आज? मग ऐक, तुला एका माकडाची गोष्ट सांगतो. हे माकड आलं माझ्या दुकानात आणि म्हणालं, कटिंग करायचीय. मी म्हटलं, कुठून सुरू करू? तुझं डोकं कुठे संपतं तेच कळत नाहीये..."

तिने फोन दोन्ही हातांत धरला. तोच आवाज, तो किंचित बसका घसा, वाक्याच्या शेवटी घेतलेला तो खोल श्वास. मागे भांड्यांचा आवाज येत होता, आणि मध्येच तिचा स्वतःचा, दुरून, त्रासलेला. "अहो, आटपा आता. किती ऐकवाल पोराला."

तेवढ्यात दार उघडलं. तो उभा होता, केस विस्कटलेले, चौकटीला धरून. तिने घाईघाईने बंद करायला बोट नेलं. त्याने हात वर केला. थांब.

तो पाय ओढत आला आणि शेजारच्या खुर्चीत बसला. आवाज चालूच होता. तो स्वतःला ऐकत होता. डोळे आरशावर, पण आरशात तो बघत नव्हता. माकडाने शेवटी आरशात पाहून दुसऱ्या माकडाचे केस आधी कापा म्हटलं, तेव्हा तो अगदी ठरलेल्या जागी हसला. मग आवाज थांबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं, आणि त्याने ते पुसलं नाही.

"मी तुमचं ऐकलंच नाही कधी," ती म्हणाली. "बोलत होतात तेव्हा ऐकलं नाही."

त्याने मान हलवली. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. बोलणं शिकवणाऱ्या बाईसमोर यायचा तसा कपाळावर घाम आला. ती वाट बघत राहिली.

"भाजी," तो म्हणाला.

तिला कळेना. त्याने डाव्या हाताने हवेत चिरल्यासारखं केलं, मग स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग तिच्याकडे दाखवलं. पुन्हा तेच. चिरणं, कान, ती. भाजी चिरता चिरता तू ऐकायचीस. त्याला एवढंच म्हणायचं होतं.

त्यानंतर काही शब्द आले. कधी बरोबर, कधी भलतेच. वर्षभरात चाळीसेक झाले. मुलगी येऊन दुकान बघून गेली आणि विकायचं पुन्हा बोलली नाही. बसमध्ये छत्री उघडून बसलेल्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं, ते मात्र त्याला सांगता आलं नाही. तिने विचारलं की तो मोठ्याने हसायचा आणि हात झटकायचा. संध्याकाळी तिला अजूनही तो जुना आवाज हवासा वाटतो. ती ओढ गेली नाही, जाईल असं तिला वाटतही नाही. आठवड्यातून एकदा ती ती चार मिनिटं ऐकते. रोज ऐकलं तर झिजेल अशी तिला उगाच भीती वाटते.

परवा सुट्टीच्या दिवशी दोघं दुकान धुवायला गेले होते. लाद्या पुसून झाल्यावर उन्हाचा एक पट्टा दारातून खुर्चीपर्यंत आला होता. त्याने तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. त्याने कापडाचं एक टोक दातात धरून, दुसरं डाव्या हाताने तिच्या मानेमागे खोचलं. तिचे केस सोडले आणि हळूहळू विंचरू लागला. गुंता आला की थांबायचा, बोटांनी सोडवायचा. मग लहान कात्री घेऊन टोकं कापू लागला. डाव्या हाताला ते सरळ जमत नव्हतं, तरी तो घाई करत नव्हता.

पाठीला ऊन लागत होतं. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने ती बोलू लागली, कुठून सुरुवात झाली तिलाही कळलं नाही. कारखान्यातल्या पहिल्या दिवसाचं, आपली कॉलर उलटी शिवली गेली आणि मुकादमाने ती सगळ्यांना दाखवली त्याचं. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती बोलत राहिली आणि कात्री मध्येमध्ये थांबून पुन्हा चालू होत राहिली.

"मग?" तो म्हणाला.

"सांगते ना," ती म्हणाली. "तर तो मुकादम, ढेरी ही एवढी..."