दोन कप चहाची ओळ

माझ्या उजव्या कोपऱ्याला तडा गेला आहे, पाठीवरचा रंग उडाला आहे आणि चार्जरची वायर काढली की दहा मिनिटांत मी मान टाकतो. तरीही मित्रांनो, मी अजून कामावर आहे. माझ्यासारख्या जुन्या मोबाईलच्या नशिबी हे सहसा येत नाही. म्हणून म्हटलं, आपली हकिकत आपणच सांगावी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका रांगेत बसल्या होत्या. एकीने माझ्यात बॅटरी बसवली, दुसरीने काच चिकटवली, तिसरीने मला चालू करून पाहिलं आणि लगेच बंद केलं. डोळे उघडतात न उघडतात तोच ते मिटावे लागले. पुढचे काही महिने खोक्यात गेले. मग एका दुकानाच्या काचेच्या कपाटात मी ऐटीत उभा राहिलो. लोक मला हातात घ्यायचे, स्वतःचाच फोटो काढून बघायचे आणि ठेवून द्यायचे.

माझा पहिला मालक औषधं विकत गावोगाव फिरायचा. त्याने मला तीनदा पाडलं, तिसऱ्यांदा जिन्यावरून. कोपऱ्याचा तडा तेव्हाचा. वर्षभरात त्याचं मन माझ्यावरून उडालं. नवा फोन आला आणि त्याने मला आपल्या थोरल्या बहिणीच्या हातात ठेवलं. "ताई, घे हा. दिसायला गेलाय, पण चालतो चांगला." तेव्हा मला अपमान वाटला होता. आता वाटतं, आयुष्यात माझं भलं केलं ते त्यानेच.

ताई कवळ्या बनवते. हसू नका, फार बारीक काम आहे ते. दातांचे डॉक्टर हिरड्यांचं माप घेऊन पाठवतात. ताई त्या मापात प्लॅस्टर ओतते, साचा वाळला की त्यावर मेण चढवते आणि मेणात एकेक दात बसवते. तयार कवळी कधीकधी डॉक्टरांकडून परत येते, सोबत चिठ्ठी असते, 'डावीकडे टोचते.' मग ताई लाल पेन्सिलीने खूण करते आणि नेमकं तेवढंच घासते. "टोचतं तिथेच घासायचं," ती म्हणते. "उगाच सगळीकडे हात फिरवला की कवळी ढिली होते, आणि माणूस शिंकला की थेट ताटात."

तिच्या कामाच्या खोलीत खिडकीजवळ लांब टेबल आहे. तिथे प्लॅस्टरच्या डब्याला टेकून मी उभा असायचो. माझ्या बटणांच्या फटींत पांढरी पूड जाऊन बसली, ती आजही आहे. सुरुवातीला ताई माझ्यावर दातांच्या रंगाचे फोटो तेवढे बघायची. एका दुपारी चहा पिता पिता तिने माझ्यावर काहीतरी लिहिलं. चार ओळी होत्या.

'आजोबांच्या हसण्याचा साचा
माझ्या टेबलावर वाळत ठेवलाय.
ते घरी गप्प बसलेत,
हसणं सुकेपर्यंत.'

एवढ्यावर थांबेल तर ती ताई कसली. खाली तिने आणखी दोन ओळी जोडल्या, 'जीवन हे असेच असते, सुखदुःखाचे जाळे विणते.' मग आठ दिवस ते तसंच माझ्या पोटात राहिलं.

त्याच सुमारास तिला इंटरनेटवर 'चार ओळी' नावाचा गट सापडला. तिथे हौशी कवी जमायचे. कोणी परिचारिका, कोणी बसचालक, कोणी गणिताचे मास्तर. एकमेकांचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. गट चालवायचे निवृत्त पोस्टमास्तर, आणि टपाल वाटल्यासारखी त्यांची शिस्त होती. आधी दोघांच्या कविता वाचून अभिप्राय द्यायचा, मगच आपली टाकायची. काय मनात राहिलं ते आधी सांगायचं, काय टोचलं ते नंतर. नुसती फुलं, टाळ्या आणि अंगठे पाठवायला सक्त बंदी. 'फुलं बागेत शोभतात,' असं त्यांनी नियमांच्या खाली लिहून ठेवलं होतं.

ताईने कविता टाकली आणि तिचा जीव टांगणीला लागला. दर पाच मिनिटांनी ती मला उचलायची. दुपार गेली, चिटपाखरू फिरकलं नाही. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला पहिला अभिप्राय आला. लिहिणारे एका सार्वजनिक बागेत माळीकाम करणारे गृहस्थ होते. गटात त्यांना सगळे माळीबुवा म्हणत. ते टाइप करताना दर दोन-चार शब्दांनी थांबायचे आणि खालच्या ओळीवर जायचे. 'उद्या येत नाही, पाइप फुटलाय' हेसुद्धा ते दोन ओळींत लिहायचे. बुवांची रजासुद्धा कवितेत येते, अशी गटात थट्टा चालायची.

बुवांनी लिहिलं होतं,
'ताई, तिसरी ओळ वाचली
आणि नळी हातात धरून उभाच राहिलो.
वाफ्यात तळं झालं.
शेवटच्या दोन ओळी काढून बघा.
सांगायचं ते आधीच सांगून झालंय.'

ताईला राग आला. "आले मोठे," असं म्हणून तिने मला पालथं टाकलं. घटकाभराने उचललं, त्या दोन ओळी पुसल्या आणि उरलेल्या चार मोठ्याने वाचल्या. मग पुन्हा एकदा वाचल्या. मित्रांनो, आपलं लिहिलेलं कुणीतरी परक्याने इतकं मन लावून वाचलं, हे त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं. 'तुमचे उपकार कसे फेडू,' असं तिने बुवांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, 'दुसऱ्या कुणाचं असंच वाचा.'

तिने ते मनावर घेतलं. पुढची दोन वर्षं माझ्या भरभराटीची. कोणाची कविता आली की ताई पडद्याचा फोटो काढून ठेवायची आणि टोचेल त्या शब्दाखाली बोटाने लाल रेघ ओढायची, अगदी साच्यावर ओढते तशी. मग अभिप्राय लिहायची. परिचारिकाबाईंची अडलेली कविता तिच्यामुळे सुटली. बसचालकांनी तिच्या सांगण्यावरून यमकांचा हट्ट सोडला. 'ताईंची नजर पडली की कविता बसते,' असं पोस्टमास्तरांनी लिहिलं, तेव्हा ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही चढलं.

पण कौतुक जरा जास्तच मानवलं. हळूहळू ताई आधी टोचणारी जागा शोधू लागली आणि मनात राहिलेलं सांगणं उरकू लागली. मला ते दिसत होतं. फोनला बोलायची सोय आहे, पण स्वतःचं बोलायची नाही.

एका मंगळवारी दुपारी गटात बुवांच्या पाच ओळी आल्या.

'आज बागेत गेलो नाही.
तिच्या चपला दारातच आहेत.
चहा दोन कप झाला,
सवयीने.
झाडांना कोणी सांगावं.'

बुवा आजवर पानं, माती आणि किडे यांवरच लिहायचे. त्यांनी पहिल्यांदा माणसावर लिहिलं म्हणून सगळ्यांना कौतुक वाटलं. ताईपुढे त्या दिवशी तीन कवळ्या घाईच्या होत्या. तिने फोटो काढला, चहाच्या ओळीखाली लाल रेघ ओढली आणि सर्वांत आधी लिहिलं, 'चपला आवडल्या. दोन कप चहा मात्र फार जणांनी लिहून झालाय, ती ओळ काढा. शेवट सैल आहे. आणि ती म्हणजे कोण, हे कळतच नाही.' पाठोपाठ गणिताच्या मास्तरांनी दुजोरा दिला. पोस्टमास्तरांनी लिहिलं, 'चहा काढाच.'

थोड्या वेळाने बुवांचा एकच शब्द आला, 'बरं.' मग त्यांनी त्या पाच ओळी सगळ्यांच्या फोनमधून पुसून टाकल्या. सुधारून टाकतील, असं सगळ्यांना वाटलं. ताई कामाला लागली.

तो आठवडा गेला, दुसराही गेला. बुवांचा पत्ता नाही. हा माणूस पाइप फुटला तरी कळवणारा. शेवटी पोस्टमास्तरांनी त्यांना फोन लावला आणि मग लगेच ताईला लावला. माझ्या कानातून आलेलं ते बोलणं मी विसरलेलो नाही.

"ताई, बसल्या आहात ना?" पोस्टमास्तर म्हणाले. "बुवांच्या मुलीने फोन उचलला. त्यांची बायको गेली हो. त्याच मंगळवारी, पहाटे."

"कोणत्या मंगळवारी?" ताईने विचारलं. तिला कळलं होतं, तरी तिने विचारलं.

"आपण चहाची ओळ काढायला सांगितली, त्या."

ती कविता नव्हती, मित्रांनो. माणसाने घरातली बातमी आपल्या माणसांना कळवली होती, आणि आपल्या माणसांनी ती तपासून परत पाठवली होती. पुढचे चार दिवस ताईने माझ्यावर माफी लिहिली आणि पुसली. नऊ वेळा लिहिली, नऊ वेळा पुसली. प्रत्येक वेळी तिला आपलंच वाक्य खोटं वाटायचं. शेवटी तिने मला बंद केलं आणि खणात जुन्या साच्यांच्या खाली ठेवून दिलं. कविता लिहिणं बंद, गटात जाणं बंद. मला तिचा राग आला नाही. माझ्याकडे बघितलं की तिला ते 'बरं' दिसत असणार.

खणात माझे तीन महिने गेले. भावाने तिला नवा फोन आणून दिला. "तो जुना भंगारात दे ना, कशाला जागा अडवतेस?" तो म्हणाला. ताई म्हणाली, "राहू दे." का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण त्या दोन शब्दांवर मी आज जिवंत आहे.

एका सकाळी खण अर्धा उघडा होता. बंद फोनलाही ऐकू येतं, हे तुम्हाला पटणार नाही, पण मला ऐकू येत होतं. ताईने मनाचा हिय्या करून बुवांना फोन लावला. हात प्लॅस्टरने भरलेले, म्हणून नवा फोन स्पीकरवर लावून तिने टेबलावर ठेवला होता. दोन वर्षांत त्या दोघांनी एकमेकांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"बुवा, मी ताई. कवळ्यांवाली." ती म्हणाली. "मला माफ करा. मी काय लिहून बसले..."

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. बुवा बागेतच असावेत. मग ते म्हणाले, "ताई, त्या दिवशी घरात पन्नास माणसं येऊन गेली. सगळे म्हणाले, धीर धरा. मी काय बोलतोय ते कुणी ऐकलं नाही. तुम्ही निदान शब्द न् शब्द वाचलात."

"वाचलं कुठे, बुवा? वाचलं असतं तर कळलं असतं."

"ते खरं," बुवा म्हणाले. खोटं बोलून समजूत काढायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "वाईट वाटलं मला. फार वाटलं. काढाच म्हणालात, म्हणून मी सगळंच काढलं. पण तुम्ही विचारलं होतं ना, ती म्हणजे कोण? ते डोक्यातून जाईना. चाळीस वर्षं झाडांवर लिहिलं, तिच्यावर एक ओळ नाही. आता तेच लिहितोय. वही अर्धी झालीय."

ताईने हातातला साचा खाली ठेवला.

"फक्त त्या पाच ओळी पाहिजे होत्या हो," बुवा पुढे म्हणाले. "वहीच्या पहिल्या पानावर. पुसल्या त्या पुसल्या. आता जुळवायला बसतो तर तशा येत नाहीत. पोस्टमास्तरांकडेही नाहीत. कुणाकडेच नाहीत."

ताईने तसेच पांढरे हात खणात घातले. साचे बाजूला केले. मला बाहेर काढून चार्जर लावला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. मित्रांनो, कारखान्यातल्या त्या बाईने मला पहिल्यांदा चालू केलं होतं, तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. या वेळी मात्र माझ्या पोटात काय आहे, ते मला पक्कं ठाऊक होतं. जगात ते फक्त माझ्याकडे होतं. बॅटरी साथ देईना. दोनदा उजळलो आणि दोनदा विझलो. ताई हळूच म्हणाली, "अरे बाबा, एवढं कर." तिसऱ्यांदा मी डोळे उघडले, ते मिटू दिले नाहीत.

फोटो होता. पाचही ओळी होत्या आणि चहाच्या ओळीखाली ताईची लाल रेघ होती.

"बुवा, सापडल्या," ताईने त्यांना पुन्हा फोन लावून सांगितलं. "पण त्यावर माझी रेघ आहे. मी हाताने उतरवून पाठवते."

"नको," बुवा म्हणाले. "रेघेसकट पाठवा. ओळ जुनी आहे, तुमचं बरोबर आहे. पण ताई, चहा खरंच दोन कप झाला होता."

ताई टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडली. मग तिने हात धुतले आणि फोटो पाठवला.

ताई गटात परतली. बुवांची वही पानापानाने तिच्याकडे येऊ लागली, आणि ती आधी काय मनात राहिलं ते सविस्तर लिहू लागली. पोस्टमास्तरांनी नियमांत एक भर घातली. आता कोणाच्याही ओळी आल्या की अभिप्रायाच्या आधी विचारायचं, 'बरे आहात ना?' मागच्या शुक्रवारी बसचालकांनी गळक्या नळावर विनोदी कविता टाकली, तर एकोणीस जणांनी तेच विचारलं. 'मी ठणठणीत आहे, नळाचं बघा,' असं त्यांना जाहीर करावं लागलं. हसले सगळे, पण नियम कोणी मोडत नाही.

मला खणात परत जावं लागलं नाही. ताईने माझी जागा पुन्हा प्लॅस्टरच्या डब्याशी लावून दिली. वायर लागलेलीच असते. फोन करणं नव्या फोनकडे आणि कविता माझ्याकडे, अशी वाटणी झाली आहे. भाऊ आला की मला बघून कपाळाला हात लावतो. लावू दे. मला पाडणारा तो, आणि ताईपर्यंत पोचवणाराही तोच. मी त्याचाही ऋणी आहे.

मित्रांनो, जुने फोन सांभाळा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. आम्ही काय, आज ना उद्या बंद पडणारच. पण आमच्यातून तुमच्याकडे कुणाच्या चार ओळी आल्या, तर त्या बऱ्या की वाईट, हे ठरवण्याआधी लिहिणारा बरा आहे का, तेवढं विचारा. माझ्या पडद्यावर त्या पाच ओळी अजून आहेत. ताईने रेघ पुसलेली नाही. फक्त तिच्या शेजारी बोटाने बारीक अक्षरांत लिहिलं आहे, 'ही ओळ राहू द्या.'