पन्नासच्या खाली

नदीकाठाला बांधलेल्या बोटीवर आम्ही दोघं राहायचो, आता मी एकटीच. हे होते तोवर बॅटरीचा कारभार यांच्याकडे. मी दिवा लावायचा आणि यांनी मागून येऊन विझवायचा, असा आमचा संसार. हे गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, बोट विकू, माझ्याकडे चल." मी म्हटलं, "मुळीच नाही." मग त्याने बॅटरीला एक डबी जोडली. बॅटरी किती भरलीय ते त्याला तिकडे त्याच्या शहरात फोनवर दिसतं. पन्नास टक्क्यांच्या खाली गेली की त्याचा फोन बोंबलतो.

आणि मग माझा वाजतो.

"आई, इन्व्हर्टर चालूच ठेवलास ना? बंद कर आधी. फ्रिज कमी कर." एवढं झालं की शेवटी, "जेवलीस का?" तेवढ्यासाठी मी फ्रिजचं सगळं प्रवचन निमूट ऐकून घेते. एरवी फोन नाही. कामात असतो बिचारा. बिचारा कसला! बॅटरी भरलेली दिसली की महाराजांना वाटतं, आई मजेत आहे.

आणि एकट्या बाईला वीज लागते किती? बॅटरी उतरायचं नावच घेईना. शेवटी मीच शक्कल लढवली. धुतलेली चादर दोरीवर न घालता छपरावरच्या सोलर पॅनलवर पसरली. इन्व्हर्टरवर इस्त्री लावली आणि बोटीवरच्या सगळ्या अभ्र्यांना इस्त्री केली, मग पायपुसण्यालासुद्धा. संध्याकाळी फोन आला.

"आई, इतकी कशी उतरली?"

"ढग आलेत रे," मी म्हटलं. बाहेर लख्ख ऊन पडलेलं.

असं बऱ्याचदा झालं. मग काल बोटींची वायरिंग करणारा मेकॅनिक आला, मुलानेच पाठवलेला. दुपारभर खुडबुड करून घाम पुसत वर आला.

"काकू, आता बिनघोर राहा. बॅटरी पन्नासवर आली की जनरेटर आपोआप सुरू होणार. तुमच्या मुलाला फोनसुद्धा करावा लागणार नाही."

"वा वा," मी म्हटलं आणि त्याला चहा दिला. त्याचा काय दोष?

आज मी पुन्हा चादर पसरली. खुळेपणा, दुसरं काय! दुपारी जनरेटर धडधडायला लागला. मी फोन समोर घेऊन बसले. बॅटरी भरली, जनरेटर बंद झाला, फोन काही वाजला नाही. इतकं एकटं मला हे गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान माणसं होती.

मग मीच फोन लावला.

"आई? काय झालं?" तो घाबरला. मग फोनवर बघून म्हणाला, "अगं, इथे तर नव्वद दाखवतंय. सगळं ठीक आहे की."

"चुलीत गेली तुझी बॅटरी!" मी ओरडलेच. "मला करमत नाही रे. माझ्याशी बोल."

मला वाटलं, झालं, आता बोट विकायचं काढणार. त्याच्या मागे कुणीतरी त्याला हाका मारत होतं. "नंतर," तो त्या माणसाला म्हणाला. दार लावल्याचा आवाज आला.

"हं, बोल आई. मी बसलोय."

इतके दिवस मनात साठवलेलं एक अक्षर मला मेलं आठवेना. "तूच बोल काहीतरी," म्हटलं आणि रडायलाच लागले.